आधी बाईंचा घास

मुलांनो, आमच्या वाशीच्या शाळेत खिचडीचं पातेलं चुलीवरून उतरलं, की पहिली वाटी येते ती आम्हा शिक्षकांकडे. आम्ही खाऊन बघायचं, चव कशी आहे ते वहीत लिहायचं, खाली सही करायची. अर्ध्या तासानं मुलांची ताटं भरायची. परवा दुसरीतला एक गडी भुकेनं कळवळून म्हणाला, "बाई, रोज तुम्हीच का हो आधी खाता?"

मला हसू आलं. पण उत्तर हसण्यासारखं नाही.

१६ जुलै २०१३. बिहारमधल्या सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. तिथल्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस मिसळलं गेलं होतं. हे पिकावर फवारायचं विषारी औषध. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना त्याचा उग्र वास ठाऊक असेल. चव घेण्याची सूचना तेव्हाही होतीच. त्यानंतर मात्र ती देशभर कडकपणे पाळायला सांगितली गेली. तुमच्या शाळेतली ती वही पाहिलीत का कधी?

कोणतं काम, कोणी, कोणत्या क्रमानं करायचं हे आधीच लिहून ठेवायचं आणि रोज तसंच करायचं, याला 'प्रमाणित कार्यपद्धती' म्हणतात. मोठी माणसं 'एसओपी' म्हणतात ती हीच. नाव अवघड, काम सोपं.

विमानाचंच बघा. १९३५ साली अमेरिकेत बोइंगचं एक नवं, मोठं विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. वैमानिक चांगला मुरलेला होता. पण उभ्या विमानाचे शेपटीकडचे भाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेली अडकण काढायची राहून गेली होती. तेव्हापासून वैमानिक पाठांतरावर विसंबत नाहीत, यादी वाचून एकेक गोष्ट तपासतात.

रेल्वेच्या इंजिनात चालक आणि सहचालक, दोघांनाही सिग्नल दिसत असतो, तरी तो एकमेकांना मोठ्यानं सांगतात. आणि ऑपरेशनच्या खोलीत? जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली दिलेल्या यादीप्रमाणे चिरा देण्याआधी रुग्णाचं नाव आणि ऑपरेशनची जागा मोठ्यानं म्हणायची, शेवटी कापसाचे बोळेसुद्धा मोजायचे. मोठमोठे डॉक्टर, पण बोळे मोजतात!

खरं सांगू? कंटाळा मलाही येतो. मागे एकदा धाराशिवला बैठक होती. एस.टी.ची वेळ झालेली. मी चव न घेताच सही करायला पेन उघडलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी वहीच ओढून घेतली. म्हणाल्या, "बाई, आधी घास, मग सही."

गरम घास फुंकून फुंकून खाल्ला. खिचडी झकास होती, मीठसुद्धा नेमकं. एस.टी. मात्र गेली. तेव्हापासून मावशी वही माझ्या हातात देतात, ती वाटी रिकामी झाल्यावरच.