लहानपणी वाचलेली जादूची कादंबरी मोठेपणी टिकते का?

शाळेत असताना झपाटून वाचलेली फँटसी कादंबरी तिशी-चाळिशीत पुन्हा हातात घेताना थोडी धाकधूक असतेच. ड्रॅगन तेच, जादूगार तेच, पण वाचणारा बदललेला असतो. मग ही जुनी पुस्तकं आता पोरकट वाटतात का? अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी' मालिका यासाठी तपासून बघण्यासारखी आहे.

काय टिकतं?

मालिकेतली पहिली कादंबरी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली आली, तीही किशोरवयीन वाचकांसाठी. शेळ्या राखणारा गेड जादूच्या शाळेत जातो. तिथे ईर्षेला पेटून तो नको तो मंत्र म्हणतो आणि एक काळी सावली मोकळी सुटते. यात मोठं युद्ध नाही, जगावर राज्य करू पाहणारा खलनायकही नाही. बाराव्या वर्षी ही पाठलागाची गोष्ट वाटते. मोठेपणी कळतं, की गेडची खरी लढाई स्वतःच्या अहंकाराशी आहे.

काय खटकतं?

रोक बेटावरच्या त्या शाळेत मुलींना प्रवेशच नाही. बायकांची जादू हलकी, असं तिथे सर्रास मानलं जातं आणि त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. १९७१ च्या दुसऱ्या पुस्तकात तेनार ही मुलगी मध्यवर्ती आहे खरी, पण १९७२ च्या तिसऱ्या भागात गोष्ट पुन्हा पुरुषांकडेच जाते.

लेखिकेनं काय केलं?

ले ग्विन यांनी जुनी पुस्तकं बदलली नाहीत. १९९० मध्ये त्यांनी 'तेहानू' हा चौथा भाग लिहिला. त्यात तेनार एका शेतकऱ्याची विधवा आहे, तिची मुलं मोठी झाली आहेत. अत्याचारात भाजलेल्या एका लहान मुलीला ती सांभाळते. गेडची जादू संपलेली आहे. जग तेच, पण आता ते चुलीजवळून दिसतं. या कादंबरीला नेब्युला पुरस्कार मिळाला.

म्हणजे जुनं पुस्तक टिकतं, पण जसंच्या तसं नाही. लहानपणी नजरेतून सुटलेलं मोठेपणी दिसतं, त्यात चांगलंही असतं आणि खटकणारंही. 'अर्थसी' वाचायचीच असेल तर क्रमाने वाचा. दुसरा भाग गाळून थेट 'तेहानू'कडे जाऊ नका, तेनारची गोष्ट तिथूनच सुरू होते.