एकाचे पाच, पाचाचे पंचवीस

वही काढा आणि एक गणित करा. एका माणसाकडून दोघांना आजार झाला, त्या दोघांकडून प्रत्येकी आणखी दोघांना. पाचव्या फेरीत किती जण आजारी पडले? 32. आता दोनच्या जागी पाच धरा. उत्तर येतं 3125!

कोरोनाचा मूळ विषाणू साधारण दोन-तीनच्या हिशेबाने पसरायचा. 2021 मधला त्याचा डेल्टा हा प्रकार मात्र पाच किंवा त्याहूनही जास्तच्या हिशेबाने. एक फेरी व्हायला चार-पाच दिवस पुरत. म्हणजे कुणी अडवलंच नाही, तर महिनाभरात गावंच्या गावं आजारी!

मग अडवायचं कसं? गुहागर तालुक्याने हे फार लवकर पाहिलं. मार्च 2020 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण सापडला तो इथल्याच शृंगारतळीत. तो परदेशातून आला होता आणि उपचार घेऊन बराही झाला. पण तेव्हा असा रुग्ण सापडला की दवाखान्याबाहेरही मोठं काम सुरू व्हायचं. कोणत्या गाडीने आलात? शेजारी कोण बसलं होतं? कुणाकडे चहा घेतलात? प्रश्नांमागून प्रश्न. आणि विचारायचं ते फक्त ताप आल्यापासूनचं नाही, तर त्याच्या दोन दिवस आधीपासूनचं. कारण हा विषाणू मोठा लबाड! माणसाला साधी शिंकही आलेली नसते, तेव्हापासूनच तो दुसऱ्याकडे जायला लागतो. म्हणून भेटलेल्या माणसांना बरं वाटत असलं तरी वेगळं राहावं लागायचं. विषाणूला नवा घसा मिळाला नाही की त्याची साखळी तिथेच तुटते.

त्या वर्षी गणपतीला मुंबईहून कोकणात आलेल्या चाकरमान्यांना दहा दिवस विलगीकरणात राहायला सांगितलं होतं. बहुतेकांना लागण झाल्यावर पाच-सहा दिवसांत त्रास सुरू होतो, काहींना उशिरा. म्हणून काही दिवस वेगळं राहायचं. आजी दारात उभी, नातू समोर, आणि मिठी मारायची नाही! ज्यांनी हे पाळलं, त्यांनी आपल्या वाडीसाठी खरंच मोठं काम केलं, असं मला वाटतं.

जून 2021 मध्ये रत्नागिरीचं नाव पुन्हा बातम्यांत आलं. महाराष्ट्रात तोवर डेल्टाच्या थोड्या बदललेल्या रूपाचे, म्हणजे ‘डेल्टा प्लस’चे, 21 रुग्ण सापडले होते. त्यांतले 9 रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे सर्वांत जास्त. याच जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातल्या काही गावांत लगेच ये-जा थांबवली गेली आणि घराघरांत तपासण्या सुरू झाल्या.

पण हा ‘प्लस’ आहे, हे ओळखलं कसं? नाका-घशातल्या स्वॅबची नेहमीची चाचणी फक्त कोरोना आहे की नाही एवढंच सांगते. प्रकार ओळखायला विषाणूचा आख्खा मजकूर वाचावा लागतो. त्यात चारच प्रकारची अक्षरं, पण ती एकामागोमाग एक सुमारे 30 हजार! विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या हजारो प्रती काढतो. फळ्यावरचा धडा घाईने उतरवताना तुमचं एखादं अक्षर चुकतं ना, तसंच त्याचंही चुकतं. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही. एखादी मात्र त्याच्या फायद्याची ठरते.

डेल्टा प्लसमध्ये अशीच एक चूक झाली होती. विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिनं असतात. त्यांच्या जोरावर तो आपल्या पेशीला चिकटतो. त्या काट्यातल्या अमिनो आम्लांच्या साखळीत 417 व्या कडीवर लायसिनच्या जागी अ‍ॅस्परॅजिन आलं. एवढासा बदल! पण प्रयोगशाळांनी तो बरोबर हेरला. भारतात या वाचनासाठी डिसेंबर 2020 मध्ये प्रयोगशाळांचं एक जाळंच उभं केलं होतं.

डेल्टा प्लसची धास्ती पुष्कळ होती, पण त्याची वेगळी मोठी लाट काही आली नाही. डिसेंबर 2021 मध्ये डोंबिवलीत ओमिक्रॉन या नव्या प्रकाराचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला आणि पुढच्या काही आठवड्यांत ओमिक्रॉनने डेल्टालाच मागे टाकलं. त्याच्या काट्यांत तीसहून जास्त बदल होते. आणि 417 व्या जागी? तिथेही लायसिन नव्हतंच, अ‍ॅस्परॅजिनच होतं!