कडा बघून घ्या

शनिवार आहे, चाकणचा बाजार भरलाय. महात्मा फुले मार्केट यार्डाकडून गुरांचे टेम्पो येताहेत आणि तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसगाड्या त्यांच्यामागे खोळंबल्यात. रस्त्याकडेच्या ताडपत्रीखाली चर्मकार काका बसलेत. पुढ्यात रापी, आरी, मेण लावलेला दोरा आणि बकलांचा डबा. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली एक ताई पर्स पुढे करते.

"काका, पट्टा शिवून द्या ना. लेदरची आहे, दोनच पावसाळे वापरलीय."

काका नखानं पोपडा उचलतात. खाली पांढरं विणलेलं कापड दिसतं.

"ताई, हे चामडं नाही. टाका घालू कशात?"

कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिला की असं नकली लेदर तयार होतं. दमट हवेत तो थर आपोआप कुजतो, अगदी कपाटात जपून ठेवला तरी. ताईचा चेहरा उतरतो. बिचारीनं चांगले पैसे मोजलेले असणार.

"मग तुम्हीच बनवून द्या," ती म्हणते.

काका मागून गुंडाळी ओढतात. म्हशीचं चामडं आहे. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून इथल्या कारागिरांचा भर म्हशीच्या आणि बकऱ्याच्या चामड्यावर. ते दोन तुकडे तिच्यापुढे ठेवतात. एक गुळगुळीत, चकचकीत. दुसऱ्यावर बारीक छिद्रं, तीही एकसारखी नाहीत, आणि एका कोपऱ्यात जुना ओरखडा. ताईचा हात चकचकीत तुकड्याकडे जातो.

"कडा बघा आधी."

मीही वाकून बघतो. ओरखड्याच्या तुकड्याची कापलेली कड वरपासून खालपर्यंत दाट, तपकिरी. तो बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेला आहे, कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावतात तसा. चकचकीत तुकड्याची कड निळसर राखाडी, म्हणजे तो क्रोमियमच्या क्षारांत कमावलेला. त्यात वाईट काही नाही. असं चामडं मऊ असतं आणि पर्सच्या अंगाला शोभतं. खोट वेगळीच आहे. जाड कातडं मधून चिरलं की वरचा चिवट थर वेगळा होतो आणि उरलेल्या खालच्या थरावर रंगाचा लेप चढवतात. काका तुकडा दुमडतात, तर लेपाला लगेच चिरा पडतात. तसं म्हटलं तर हेही चामडंच! 'जेन्युइन लेदर' हा शिक्का यालाही लागतो, म्हणून त्या शिक्क्यावर माझा भरवसा नाही.

आता काका चांगलं चामडं दोन्ही हातांनी ताणतात. पाठीकडचा भाग जेमतेम हलतो, पोटाकडचा सैल सुटतो.

"पट्टा पाठीचाच घ्यायचा. पोटाचा घेतला तर डबा, बाटली भरली की लोंबायला लागेल. आतल्या कप्प्याला बकऱ्याचं लावू, हलकं पडतं."

"आणि हा ओरखडा?"

"जनावर कुठं काट्याला घासलं असेल. खोल चीर नाही, राहू द्या."

ताई अंगठ्यानं ओरखडा चाचपते आणि मान हलवते. काका खडूनं पाठीच्या रेषेत पट्टा आखायला घेतात.

पर्स घ्यायला जाल तेव्हा वास आणि चकाकी यांवर जाऊ नका. एखादी कापलेली कड आणि चामड्याची मागची बाजू दाखवायला सांगा. जो यातलं काहीच दाखवू शकत नाही, त्याला चामड्याचा भाव देऊ नका.