उसना जीव कोणाच्या खात्यात?

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी जिओहॉटस्टारवर ‘महाभारत : एक धर्मयुद्ध’ ही शंभर भागांची मालिका सुरू झाली. तिच्यातले भीष्म, द्रौपदी, कर्ण कोणा नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून साकारलेले नाहीत. चेहरे, वस्त्रे, रणांगण सारे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले आहे. कातडीवरचा घाम, मुकुटावरची झळाळी, उडणारी धूळ यांत फारशी खोट काढता येत नाही. पण राजवाड्यातल्या एका दृश्यात आजच्या शयनगृहात शोभेल असे खणांचे छोटे टेबल पलंगाशेजारी उभे असल्याचे प्रेक्षकांनी लगेच दाखवून दिले. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या बी. आर. चोप्रांच्या महाभारतातले नेपथ्य आज पाहिले तर पुठ्ठ्याचे वाटते, आकाशातली बाणांची टक्कर बाळबोध वाटते; तरी नितीश भारद्वाजांचा कृष्ण हसला की त्या पुठ्ठ्याचा विसर पडत असे. या दोन महाभारतांमधले अंतर केवळ यंत्राच्या कच्चेपणाचे असते तर त्यावर लिहिण्यासारखे काही उरले नसते; दोन-चार वर्षांत यंत्र सुधारेल आणि टेबलही जाईल. माझे म्हणणे वेगळे आहे. पडद्यावरच्या पात्रातला जीव नेहमी कोणा जित्याजागत्या माणसाकडून उसना आणलेला असतो. आजवर ही उसनवारी डोळ्यांना दिसत होती. आता ती दिसेनाशी झाली आहे, आणि म्हणूनच ती लिहून ठेवण्याची वेळ आली आहे.

हुबेहूबपणा म्हणजे जिवंतपणा नव्हे, हे मध्य प्रदेशातल्या माळव्यात दिसते. देवास जिल्ह्यातले हाटपिपल्या हे तिथले एक गाव. हा सारा मुलूख संजाचा आहे. पितृपक्षात कुमारिका घराच्या भिंतीवर शेणाने संजा मांडतात. रोज संध्याकाळी नवी आकृती: कधी चांद-सूरज, शेवटी शेवटी मोठा किलाकोट. शेणाच्या वळ्यांवर गुलबक्षीच्या, झेंडूच्या पाकळ्या चिकटवायच्या, आरती करायची, गाणी म्हणायची. दुसऱ्या दिवशी आदली आकृती खरवडून जपून ठेवायची आणि सर्वपित्री अमावास्येला सगळे पाण्यात सोडायचे. आपल्या भुलाबाईची, हादग्याची ही सख्खी बहीण. या संजाला धड नाक-डोळे नसतात. तरीही ती सासरी जाते, रुसते, तिची थट्टा होते. मुली तिच्याशी मैत्रिणीसारख्या बोलतात. याउलट २००१ सालचा ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ आणि २००४ सालचा ‘द पोलर एक्सप्रेस’ या दोन्ही चित्रपटांत माणसाचा केस न् केस उभा करण्यासाठी अफाट पैसा ओतला गेला, आणि ते चेहरे पाहून अनेक प्रेक्षकांना शहारे आले. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच ही अडचण मांडली होती: कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडत जाते, पण अगदी माणसाच्या उंबऱ्याशी आली की एकाएकी किळसवाणी वाटू लागते. आपल्याकडे यशवंत पाध्यांनी घडवलेल्या आणि रामदास पाध्यांनी घरोघरी पोचवलेल्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचा जबडा फक्त वर-खाली होतो. पण तो केव्हा थांबतो, मान किती उशिरा वळते, हे ठरवणारा हात आणि गळा पाध्यांचा. बाहुल्याला जीव येतो तो तिथून.

तंत्राचा इतिहासही हेच सांगतो. मॅक्स फ्लायशर यांना १९१७ साली ज्या रोटोस्कोपचे पेटंट मिळाले, त्यात खऱ्या माणसाचे चित्रण चौकटीमागून चौकट गिरवून विदूषक नाचवला जाई. नाचणारा माणूस त्यांचा सख्खा भाऊ होता. २००२ साली पडद्यावर आलेला गॉलम संगणकाने रंगवलेला असला तरी त्याचे खुरडणे, कण्हणे अँडी सर्किस या नटाचे होते आणि जग त्याला त्या नावाने ओळखते. रजनीकांत यांची ‘कोचडैयान’ २०१४ साली आली ती याच पद्धतीने. १९७८ साली पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींना क्रमांक देऊन वर्गवारी केली आणि भुवई उचलणे, ओठाचा कोपरा दाबणे अशा क्रिया मोजपट्टीत आल्या. या साऱ्यांत एक पात्र म्हणजे एक नट, असा हिशेब सरळ होता. आताचे यंत्र मात्र अगणित चित्रफिती पचवून शिकते. ‘म्हातारी बाई उंबरठ्यावर बसून हसते आहे’ एवढे लिहिले की ते हजारो म्हाताऱ्यांच्या हसण्यातून एक हसू काढून देते. ते हसू कोणाचेच नसते, कारण ते पुष्कळांचे असते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘टिली नॉरवुड’ ही यंत्रनिर्मित ‘अभिनेत्री’ जगापुढे आली तेव्हा अमेरिकी नटांच्या संघटनेने हाच आक्षेप घेतला, की तिचा अभिनय असंख्य नटांच्या कामावर त्यांना न विचारता, मोबदला न देता उभा आहे.

पुष्कळांचे म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न हाटपिपल्यात जास्त टोचतो. माळवी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे ५२ लाख होते. पण त्यांची गणती हिंदीच्या पोटात होते आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत माळवीला जागा नाही. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने उभारलेल्या ‘भाषिणी’चा मुख्य भर त्या अनुसूचीतल्या बावीस भाषांवर आहे. जी बोली यंत्राने पुरेशी ऐकलेली नाही, तिच्यातला हेल, हुंकार, वाक्य संपताना मान तिरकी करण्याची लकब त्याला येणार कुठून? माळव्यातल्या मराठीचीही तीच गत. पवारांनी अठराव्या शतकात धार-देवासला राज्ये थाटली, आणि तेव्हापासून इथल्या मराठी घरांत जी मराठी बोलली जाते तिच्यात माळवी आणि हिंदी मुरलेली आहे. यंत्राने घडवलेली मराठी आजी बोलेल ती छापील मराठी, आणि तिचे ओठ हलतील हिंदीच्या वळणाने. म्हणजे ज्यांचे पुष्कळ घेतले त्यांना विचारले नाही, आणि ज्यांचे घेतलेच नाही ते चित्रातूनच गेले. ही दोन गाऱ्हाणी परस्परविरोधी वाटतात, पण दोहोंचे मूळ एकच आहे: काय कोणाकडून घेतले याची नोंद कुठेच नाही.

यावर सर्वांत वजनदार हरकत देवासमधूनच येते. कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन १९४८ साली देवासला आले. गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या बायकांची, वाटसरूंची माळवी गाणी कानावर येत राहिली आणि त्या धुनांतून पुढे मालवती, संजारी, लगनगंधार असे राग उगवले. ज्या बायकांनी ती गाणी म्हटली त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? कलावंत असाच शिकतो. मग यंत्राने शिकावे यात पाप कोणते? हरकत खरी आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. पण कुमारांनी त्या गाण्यांवर वर्षानुवर्षे मेहनत केली, माळव्याची लोकगीते माळव्याची म्हणूनच मैफलीत मांडली आणि नव्या रागांचा उगम लोकधुनांत आहे हे उघडपणे सांगितले. त्यांनी जे घेतले ते त्यांच्या एका गळ्यातून जाऊन नवे झाले. ते स्वतः त्या मातीत राहिले. चुकले असते तर सांगायला शेजारपाजार होता. यंत्राच्या बाबतीत घेणारा दूर कुठल्या देशातला, घेण्याचा वेग अमर्याद, आणि निघालेला माल मूळ गायिकेच्याच पोटावर पाय देणारा. शिवाय कुमारांच्या काळी गायिकेचे नाव टिपून ठेवायला साधने तोकडी होती. आज कोणती चित्रफीत केव्हा उचलली, हे लिहून ठेवणे संगणकाला मुळीच जड नाही. जे सहज शक्य आहे ते न करणे हा घेणाऱ्याचा निर्णय असतो.

दुसरी हरकत स्वस्ताईची: यंत्रामुळे चलच्चित्र करणे सामान्य माणसालाही परवडू लागले. तिच्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली ती एकेक काडी सरकवून. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबू काका’ काढला. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ मध्ये उभा राहिला आणि त्यातून ‘द बनियन डिअर’ आला. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला चौदाशे चाळीस. दोन चौकटींना एक चित्र वापरून काटकसर केली तरी सातशे वीस. एवढी चित्रे काढणारी माणसे आणि त्यांचे पगार मुंबई-पुण्याबाहेर कोणाला परवडणार होते? आज देवासच्या एखाद्या कॉलेजातली मुलगी संजाला घरच्या संगणकावर चालती-बोलती करू शकते, ही मोठीच गोष्ट आहे आणि तिच्या वाटेत कोणी धोंडे टाकू नयेत. पण नोंदीचा बोजा तिच्यावर पडावा असे कोणी म्हणत नाही. तो यंत्र घडवणाऱ्या कंपन्यांवर पडावा. तिने आपल्या आजीचा आवाज वापरला तर श्रेयनामावलीत आजीचे नाव घालायला तिला एक ओळ पुरते.

परवानगी मागत बसलो तर धंदाच थांबेल, हे तिसरे म्हणणे मात्र अनुभवाला धरून नाही. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’मधल्या गाण्यासाठी दिवंगत गायक बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे आवाज यंत्राने उभे केले, तेव्हा कुटुंबांची संमती घेतली आणि मोबदला दिला, गाणे २०२४ मध्ये आले, काहीही अडले नाही. अमेरिकेतल्या नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप करून डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला करारात घालून घेतला, आणि हॉलिवूड चालूच आहे. जिथे विचारले गेले नाही तिथेच भांडणे झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती यंत्राने बदललेल्या शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाली, नायक जिवंत राहिला, आणि दिग्दर्शक आनंद राय व नट धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला. न्यायालयांनीही दिशा दाखवली आहे. अनिल कपूर यांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यांचा चेहरा, आवाज आणि त्यांचे ‘झकास’सुद्धा राखले, २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखली.

पण या साऱ्या आदेशांत एक उणीव आहे. ते नामवंतांना मिळाले, कारण वकील लावण्याइतके नाव आणि पैसा त्यांच्यापाशी होता. हाटपिपल्यातल्या संजा गाणाऱ्या बाईला कोण विचारते? आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा मात्र तिला विसरलेला नाही, असे मला वाटते. त्यातल्या कलावंताच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडीही नावानिशी आहेत आणि शेवटी ‘सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती’ असे म्हणून दार उघडे ठेवले आहे. सादरीकरणावरचा हक्क पन्नास वर्षांचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने, हे सादरीकरण माझे आहे असे सांगण्याचा नैतिक हक्कही दिला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने सुचवले, की यंत्रांना शिकण्यासाठी सामग्री सरसकट परवान्याने मिळावी, पण कमाई झाली की तिच्यातला वाटा एका मध्यवर्ती संस्थेमार्फत हक्कदारांना जावा. सूचना चांगली आहे. परंतु असा वाटा नोंद असलेल्यांनाच पोचतो, आणि माळव्यातल्या गाणाऱ्या बायकांची नोंद कोणत्याही हक्कसंस्थेच्या वहीत सापडणे अवघड. संगीत नाटक अकादमी, इंदूर-उज्जैनची विद्यापीठे, आकाशवाणीचे इंदूर केंद्र यांनी पुढच्या पितृपक्षात गावोगाव जाऊन ध्वनिचित्रमुद्रण करावे, आणि प्रत्येक फितीसोबत गाणारीचे नाव, गाव, तारीख आणि तिच्या भाषेत वाचून दाखवलेल्या संमतीपत्रावरची तिची सही किंवा अंगठा घ्यावा. खर्च फार नाही. ती वही तयार झाल्यावर यंत्राला संजाचे गाणे हवे असेल, तर ते कोणाकडे मागायचे हे त्याच्या मालकांना कळेल.