सशाला बोले, हत्तीला लागे

‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. घरात ही युक्ती थोरामोठ्यांची असते. लोककथेत मात्र ती दुबळ्यांच्या हाती येते. बोलायचे सशाबद्दल आणि लागायचे हत्तीला! यालाच उपरोध म्हणतात. आफ्रिकेतील आतेसो लोककथांचे बळ या उपरोधातच आहे.

युगांडाच्या पूर्व भागात, सोरोटी, कुमी, कटाक्वी या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे केनियातील बुसिया भागात तेसो लोक राहतात. आतेसो ही त्यांची भाषा. गुरे पाळणे आणि नाचणी पिकवणे हा त्यांचा जुना व्यवसाय. त्यांच्यात राजा नव्हता. वडीलधाऱ्यांच्या विचाराने कारभार चाले. 1900 च्या सुमारास इंग्रजांच्या पाठबळावर बुगांडाचा सरदार सेमेई काकुंगुलू याने हा मुलूख ताब्यात घेतला. परके अंमलदार आले, कर आला, कापसाची लागवड आली. ज्यांच्यासमोर तोंड उघडण्याची सोय नाही, असे धनी डोक्यावर बसले.

अशा माणसांना ससा जवळचा वाटला तर नवल काय? पूर्व आफ्रिकेच्या कथांत ससाच सर्वांत चतुर. तेसोंच्या कथांतही त्याचा मान मोठा आहे. आफ्रिकेत ठिकठिकाणी सांगितली जाणारी एक कथा पाहा. ससा हत्तीला म्हणतो, “दोरी ओढून मी तुला हरवीन.” नदीतल्या पाणघोड्यालाही तेच सांगतो. मध्ये दाट झाडी. दोरीचे एक टोक हत्तीकडे, दुसरे पाणघोड्याकडे. दोघे घाम गाळून ओढत राहतात आणि प्रत्येकाला वाटते, केवढा हा ससा बळकट! ससा झाडीत बसून हसतो. ऐकणारे पोरही हसते, कारण हत्तीला जे कळले नाही ते त्याला कळलेले असते. थोरांची ताकद थोरांशीच झुंजवून संपवावी, हा धडा कोणी उपदेश न करता मनात उतरतो.

पण या कथा सशाचीही पूजा करीत नाहीत. कासवाशी शर्यत लागते, तेव्हा कासव वाटेवर जागोजागी आपले भाऊबंद बसवून ठेवते. ससा कितीही धावला तरी पुढे कासव हजरच! फसवणारा फसतो. एकट्याच्या हुशारीपेक्षा भावकीची एकजूट भारी ठरते.

कथेने सगळे दुःख मात्र सरत नाही. 1980 च्या दशकात गुरांच्या लुटीने तेसोंचे गोठे ओस पडले. 11 जुलै 1989 रोजी मुकुरा येथे सरकारी सैनिकांनी बंडखोर समजून माणसांना रेल्वेच्या डब्यात कोंडले. 69 जण गुदमरून मेले. कथेतला हत्ती थकून दोरी सोडतो. खरा हत्ती इतक्या सहज सोडत नाही.

म्हणून हसणे म्हणजे सुटका नव्हे. पण ज्याला हत्तीचा मूर्खपणा दिसला, तो हत्तीला देव मानीत नाही. मातांनो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा आणि शेवटी एवढेच विचारा : “हत्तीला खरोखर ओढत कोण होते?” उत्तर त्यांचे त्यांना शोधू द्या.