प्रतिविषाची कोरडी कुपी



मृगाचा पाऊस पडला कीं वाशिम जिल्ह्यांत सोयाबीन व तूर यांची पेरणी सुरू होते, आणि त्याच दिवसांत शेताच्या बांधांवर सापही बाहेर पडतात. विषारी सर्पदंशावर खरें औषध एकच, तें म्हणजे प्रतिविष. आपल्याकडे तें बहुधा पातळ नसून कोरड्या पांढऱ्या भुकटीच्या रूपानें कुपींत असतें. असें कां, हें आज पाहूं.

नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांचें विष अल्प मात्रेंत घोड्यास टोंचीत गेल्यास त्याच्या रक्तांत त्या विषास निष्प्रभ करणारीं प्रथिनें उत्पन्न होतात. तीं शुद्ध करून घेतलीं कीं प्रतिविष झालें. परळ येथें १८९९ सालीं आलेल्या प्लेगच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव मिळालें. तिच्यांतून १९७५ सालीं वेगळ्या निघालेल्या महामंडळांत हें औषध तयार होत आलें आहे.

प्रथिन म्हणजे विशिष्ट घड्या पडलेली एक लांब माळ होय. पाण्याशीं न जमणारे तिचे भाग घडीच्या आंत दडलेले असतात. उष्णतेनें घडी उलगडली कीं हे भाग उघडे पडतात, शेजारच्या माळांस चिकटतात आणि गुठळ्या होतात. उकडलेलें अंडें पुन्हां पातळ होत नाहीं, तें याचमुळें. केवळ गोठविल्यानेंही इजा होते. कारण बर्फ होतांना उरलेल्या पाण्यांत क्षार दाटतात. जोरानें हलविल्यास फेंसाच्या पृष्ठभागावर घड्या मोडतात.

म्हणून पातळ प्रतिविष २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें ठेवावें लागतें. परंतु वैशाखांत पारा चाळिशीच्या वर चढतो आणि खेड्यांत वीज जाते, तेथें हें कसें साधावें? त्यावर उपाय म्हणजे पाणीच काढून टाकणें. घडी संभाळणारे साखरेसारखे पदार्थ अगोदर मिसळून द्रव गोठवितात. मग निर्वातांत त्यांतील बर्फाची, कापूर उडावा तशी, थेट वाफ होते. पाण्यावांचून प्रथिनांची हालचाल जवळजवळ थांबते, आणि अशी भुकटी थंड, अंधाऱ्या जागीं फ्रीजवांचूनही कांहीं वर्षें टिकते.

घरांतील इन्सुलिन हेंही प्रथिनच. तें बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नये, उन्हांतील मोटारींत विसरूं नये. नेहमीं स्वच्छ दिसणारा प्रकार गढूळ झाल्यास तो वापरूं नये.

प्रतिविष देण्याच्या वेळीं भुकटींत निर्जंतुक पाणी घालतात, आणि त्या क्षणापासून पूर्वीचे सारे धोके पुन्हां सुरू होतात. म्हणून परिचारिका कुपी खळखळून न हलवितां हातांत हळूहळू फिरवीत असतात. रुग्णाच्या नातेवाइकांनीं ती दिरंगाई समजून त्यांस घाई करूं नये. तीं थोडीं मिनिटें औषधाचा गुण राखण्यासाठींच असतात.