दोन हजार गोळे

नवरात्र नुकतं बसलं होतं. पुण्यात कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या फलकावर, गुरुवारी पाणी येणार नाही या सूचनेच्या शेजारी, हाताने लिहिलेला कागद दिसला. ‘दिवाळीसाठी नानकटाईचे गोठवलेले कच्चे गोळे मिळतील. घरी भाजा. नोंदणी अष्टमीपर्यंत.’ खाली घर क्रमांक होता. नानकटाई आणि गोठवलेली, हे दोन शब्द मी कधी एका ओळीत वाचले नव्हते. जिना चढून वर गेले.

आमच्या पिढीला नानकटाई माहीत आहे ती बेकरीतली. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुटीत मैदा, रवा, पिठीसाखर, तूप पिशव्यांत भरून पेठेतल्या बेकरीत न्यायचं. बेकरीवाला सांगेल त्या वेळेला रांगेत उभं राहायचं, आपलं सामान आपल्या डोळ्यांदेखत परातीत पडतंय ना हे पाहायचं, किलोप्रमाणे मजुरी द्यायची आणि पत्र्याचा गरम डबा रिक्षात मांडीवर धरून घरी यायचं. ओव्हन घरोघरी नव्हते, त्यामुळे भट्टी हीच सगळ्या गल्लीची सोय होती. नानकटाईची गोष्ट सांगताना सुरतेचं नाव निघतं. डच व्यापारी सुरत सोडून गेले तेव्हा त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली आणि तिथून हे बिस्किट पश्चिम किनाऱ्यावर पसरलं, असं सांगतात. पुण्यात बिस्किट म्हटलं की लोक आधी कयानीचं नाव घेतात. 1955 साली ईस्ट स्ट्रीटवर सुरू झालेल्या त्या बेकरीपुढे श्रुसबेरीसाठी सणाच्या आधी रांग लागते. पण सामान देऊन करून आणायची नानकटाई ही पेठांतल्या साध्या बेकऱ्यांची, नाव नसलेल्या कारागिरांची.

वरच्या मजल्यावरच्या त्या घरात दोघी काम करत होत्या. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्या ताई, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मावशी. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला होता. मधे दोन टेबलं, एका कोपऱ्यात पांढरा डीप फ्रीजर, त्याच्या झाकणावर वही. ताईंनी हिशोब एका दमात सांगितला. मागणी चाळीस किलो पिठाची. गोळा वीस ग्रॅमचा. म्हणजे दोन हजार गोळे.

“घरचा ओव्हन एका वेळी तीस भाजतो. आत ठेवणं, भाजणं, काढणं धरून पंचवीस मिनिटं. दोन हजारांना किती होतात बघा.”

मी वहीच्या कडेला भागाकार केला. अठ्ठावीस तास होतात, आणि ते फक्त भाजण्याचे. तूप फेटणं, मळणं, वळणं, गार करणं, डबे भरणं वेगळं. हे सगळं पूर्वी ताई दिवाळीच्या आधीच्या चार दिवसांत करत. “नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगाला उठायचं, तर मी झोपलेलीच नसायचे,” असं त्या म्हणाल्या. आता पीठ नवरात्रात होतं, गोळे कोजागिरीच्या आत गोठतात. निम्मे कच्चेच लोकांच्या घरी जातात आणि उरलेले शेवटच्या चार दिवसांत भाजायचे. ओव्हनचे तास निम्म्यावर आले आणि रात्री झोपायला मिळाल्या.

काम तसं थोडं आहे. तूप आणि पिठीसाखर फेटायची, मैदा, बेसन, बारीक रवा, मीठ, वेलची, जायफळ घालून हलक्या हाताने गोळा करायचा, वळायचा, वर चारोळी दाबायची. खरी गोम तुपात आहे.

तूप वितळलेलं चालत नाही. ते रवाळ आणि घट्ट असलं तरच फेटताना त्यात हवा अडकते, रंग पिवळ्याचा पांढुरका होतो, आणि तीच हवा पुढे ओव्हनमध्ये खुसखुशीतपणा देते. पण साजूक तूप साधारण 30 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि ऑक्टोबरात पुण्याची दुपार 32 अंशांच्या आसपास असते. दुपारी बाराला फेटायला बसलं की भांड्यात तेल होतं. म्हणून ताईंचं काम पहाटे सुरू होतं आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवलेलं असतं. बेकऱ्या वनस्पती तूप का वापरतात, हे मला इथे समजलं. स्वस्त आहे हे एक कारण, पण ते उन्हातही मऊ-घट्ट राहतं, कारागिराला दगा देत नाही, हे दुसरं. वनस्पतीत पूर्वी ट्रान्स फॅट भरपूर असायचं. जानेवारी 2022 पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, त्यामुळे आजचं वनस्पती पूर्वीचं नाही. तरी दिवाळीच्या ताटात मला साजूक तूपच हवं, आणि ताईंच्या गिऱ्हाइकांनाही तेच हवं असतं.

साजूक तुपाची नानकटाई ओव्हनमध्ये पसरते, ही तिची जुनी खोड. पीठ पकडण्याआधीच तूप वितळून वाहू लागतं आणि गोळ्याची चकती होते. गोठवलेला गोळा आत गेला की बाहेरचा थर आधी भाजून धरतो, आतलं तूप उशिरा सुटतं. नानकटाई उंच राहते, माथ्यावर तडे पडतात. ते तडे पाहून जुनी माणसं खूण पटल्यासारखी मान डोलावतात. ओव्हन 160 ते 170 अंशांवर आधी तापवून ठेवायचा, गोळे फ्रीजरमधून काढले तसेच ठेवायचे, बाहेर मऊ होऊ द्यायचे नाहीत, आणि नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त द्यायची. म्हणजे गोठवणं हे वेळ वाचवण्यासाठी सुरू झालं आणि त्यातून पदार्थच सुधारला. मला तरी हे पटलं.

मी तिथे पुन्हा जात राहिले ते मात्र मावशींमुळे.

मावशी पूर्वी मंगल कार्यालयांत पोळ्या लाटायला जात. ताई पीठ मळून परात पुढे सरकवतात, मावशी अंगठा आणि दोन बोटांनी पीठ तोडतात, तळहातावर एकदा फिरवतात आणि ट्रेमध्ये ठेवतात. काटा शेजारी आहे, पण तो दर दहाव्या गोळ्यालाच लागतो. मी पाहत होते. वीस. वीस. एकवीस. वीस. एकवीस आला तेव्हा मावशींनी गोळ्याकडे नाराजीने पाहिलं आणि चिमूटभर पीठ काढून घेतलं. ताई म्हणाल्या, “अहो मावशी, एका ग्रॅमने काय होतंय!” मावशी म्हणाल्या, “ट्रेमधला एक मोठा राहिला की तो कच्चा राहतो ताई, आणि नाव सगळ्यांना लागतं.” दोन हजार गोळ्यांतला एकेक त्या असा धरतात.

थंडीचं काम त्यांच्याकडे नाही. गार ट्रे धरले की त्यांची बोटं आखडतात, रात्री सांधे ठणकतात. म्हणून फ्रीजर उघडणं, ट्रे लावणं, पिशव्या भरणं ताई स्वतः हातमोजे घालून करतात. हे कोणी नियम म्हणून ठरवलेलं नाही, पण मी असताना एकदाही मोडलं नाही. मजुरी गोळ्यावर आहे का रोजावर, हे मी विचारलं. रोजावर. ताईंचं म्हणणं असं की गोळ्यावर दिली तर हात घाई करतो आणि वीसचे अठरा होतात. मला त्यात मावशींच्या सांध्यांचाही विचार दिसला.

गोळे आधी ट्रेमध्ये सुटे, एकमेकांना न चिकटता गोठवतात. टणक झाले की जाड पिशवीत ओततात, तेव्हा गोट्यांसारखा खडखडाट होतो. हवा दाबून काढायची, तोंड बंद करायचं, तारीख लिहायची. सगळं ओतून एकदम पिशवीत भरलं तर सकाळी एकच ढेकूळ हाती येतं. फ्रीजर उणे अठरा अंशांवर. त्या तापमानाला जिवाणू वाढत नाहीत, पण तुपाला हवेचा खवटपणा हळूहळू लागतोच आणि शेजारचे वासही लागतात. म्हणून या फ्रीजरमध्ये दुसरं काहीही जात नाही, मटार नाहीत, मासे नाहीत, कोथिंबीरसुद्धा नाही. ताई दोन महिन्यांपलीकडचा माल विकत नाहीत.

नानकटाईला गोठवणं सोसतं, कारण तिच्यात पाणी जवळजवळ नाहीच. चांगल्या तुपात पाण्याचा अंश अर्धा टक्काही नसतो. पाणी नाही म्हणजे बर्फाचे मोठे खडे नाहीत, आणि वितळताना चिकट ओलावा नाही. उकडीचे मोदक ताईंनी गोठवून पाहिले होते. उकडीत पाणी भरपूर, तांदळाचं पीठ गार झालं की ताठर होतं, आणि कळ्यांवर भेगा पडतात. मोदक त्यांनी सोडून दिले. घटकांतला एक बदलही गोठवण्यामुळेच आला. काही घरांत नानकटाईत दही आणि सोडा घालतात. त्या दोघांची गाठ पडली की वायू तिथल्या तिथे सुटतो, पुढे महिनाभराने ओव्हनमध्ये फुलायला काही उरत नाही. बेकिंग पावडरीचा बराचसा जोर उष्णता लागेपर्यंत थांबून राहतो. म्हणून दही गेलं.

वीज हा काळजीचा विषय. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाण्याची जुनी सवय आहे. भरलेला फ्रीजर झाकण न उघडता ठेवला तर साधारण दोन दिवस गोठलेला राहतो, अर्धा रिकामा असेल तर एकच दिवस. म्हणून जसजसे गोळे बाहेर जातात तसतशा ताई रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतात. वीज गेली की झाकणावर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी, आणि मुलांनाही तंबी.

कच्च्या पिठाला त्या घरात वास नाही, हे मला शेवटपर्यंत विचित्र वाटत राहिलं. एवढी वेलची, एवढं जायफळ, आणि फ्रीजर उघडला तर फक्त थंडी. मावशींना विचारलं. “भाजायला टाकल्यावर वास येतो. तोवर ते नुसतं पीठच.” एका दुपारी ताईंनी नमुन्याला एक ट्रे भाजला. आठव्या-नवव्या मिनिटाला आधी तूप, मग बेसन, मग वेलची असा वास आला आणि समोरच्या दारातल्या आजी विचारायला आल्या.

त्या आजींनीच तो प्रश्न विचारला, जो ताईंना रोज फोनवर विचारला जातो. “म्हणजे शिळीच ना ती?” ताई दरवेळी न चिडता समजावतात. मला मात्र हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. चकलीची भाजणी आपण दिवाळीच्या कितीतरी आधी भाजून, दळून डब्यात ठेवतो. तिला कोणी शिळी म्हणत नाही. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे करून वर्षभर पुरवतो आणि त्याला बेगमी म्हणतो. अमेरिकेत घरांत फ्रीज येऊ लागले तेव्हा, शंभरेक वर्षांपूर्वीच, तिथल्या बायका कुकीच्या पिठाची गुंडाळी करून गारठ्यात ठेवू लागल्या आणि पाहुणे आले की चकत्या कापून भाजू लागल्या. आपल्याकडे वाळवण उन्हाने झालं, हे थंडीने होतं. गॅलरीत ऊन येत नाही अशा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईने मग काय करावं?

याच काळात लाकडाच्या भट्ट्यांचं भवितव्यही बदलतं आहे. मुंबईत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत हरित इंधनाकडे वळावं, असं उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. धूर कमी व्हायलाच हवा. पण सामान देऊन करून आणायची सोय अशाच लहान भट्ट्यांच्या आधाराने टिकली होती. ती आक्रसत गेली तर सणाचं भाजण घरांत येणार, आणि घरांत ते कोणाच्या तरी रात्री खाणार. ताईंच्या फ्रीजरने निदान त्या रात्री वाचवल्या आहेत.

पैशांचं बोलायला ताई अवघडतात. तूप बोहरी आळीच्या घाऊक बाजारात स्वस्त मिळत नाही, तिथून फक्त ट्रे, पिशव्या आणि बटर पेपर येतात. अन्न सुरक्षेची नोंदणी वर्षाला शंभर रुपये, ती त्यांनी केली आहे आणि क्रमांक पिशवीवर छापला आहे. विजेचं बिल वाढलं. मावशींचा रोज वेगळा. आणि फोनवरचं माणूस म्हणतं, कच्चेच तर देताय, अर्ध्या किमतीत द्या. भाजणं सोडलं तर सगळं काम झालेलंच असतं, हे त्या माणसाला दिसत नाही.

तेव्हा पुण्यातल्या कोणाला असे गोळे घ्यायचे असतील तर नवरात्रातच सांगा, धनत्रयोदशीला फोन करू नका. पिशवीवरची तारीख बघा आणि नोंदणी क्रमांक बघा. घरी आणल्यावर फ्रीजरच्या दारात ठेवू नका, आत मागे ठेवा. भाजताना ओव्हन आधी तापवा. आणि भावात घासाघीस करण्याआधी एवढं लक्षात असू द्या की त्या दोन हजारांतला प्रत्येक गोळा एका बाईने हातात घेऊन वीस ग्रॅमचा केला आहे.